ब्रिजिडच्या सुट्टीतली काळी बिअर

फेब्रुवारीचा पहिला सोमवार आला की आमच्या घरी स्टाउट, म्हणजे भाजक्या धान्याची काळी बिअर, घातली जाते. २०२३ पासून आयर्लंडमध्ये सेंट ब्रिजिडच्या नावाने ही सुट्टी मिळते आणि ब्रिजिडबाईंचं बिअरशी नातं जुनं आहे. पाहुणे दारात, घरात बिअर नाही, तर बाईंनी आंघोळीच्या पाण्याचीच बिअर करून टाकली, अशी दंतकथा इथे सांगतात. मला एवढं जमत नाही. मला जवळपास साडेचार किलो धान्य, पंचवीसेक लिटर पाणी आणि जवळजवळ अख्खा दिवस लागतो. पण या सोमवारी घातली की १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, पहिली बाटली उघडता येते.

मी कॉर्कच्या दक्षिणेला कॅरिगलाइनमध्ये राहते. नोकरी रिंगास्किडीतल्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये. नवरा पंढरपूरकडचा, माळकरी घरातला, थेंबाला शिवत नाही. तरी बाटल्यांना बुचं मारायचं काम तोच करतो, आणि ते माझ्यापेक्षा बरं करतो. "मी फक्त पॅकिंग डिपार्टमेंट," असं तो सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगतो. सासूबाई काही बोलत नाहीत. स्वतःपुरती बिअर घरी करायला इथे परवानगी लागत नाही, तिच्यावर करही नाही. विकायची मात्र नाही. हे आधीच सांगते, कारण पुण्याहून "वहिनी, भट्टी कशी चाललीय?" असे मेसेज येतात.

तर आधी एक भांडण मिटवते. स्टाउट काळी दिसते म्हणून ती जड, स्ट्राँग, जेवणाइतकी पोट भरणारी असते असं सगळे धरून चालतात. आयरिश ड्राय, म्हणजे कोरड्या, स्टाउटला यातलं काहीच लागू नाही. डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीच्या गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल चार टक्क्यांच्या थोडं वर. आपल्याकडे परमिट रूममध्ये 'स्ट्राँग' म्हणून जी मिळते तिच्या निम्म्याच्या जरा पुढे. साखर फार उरलेली नसते. काळेपणा येतो तो एकूण धान्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शातून, आणि जो मऊपणा जाणवतो तो फेसाचा असतो. ग्लास उजेडासमोर धरला तर कडेने ती काळीसुद्धा नसते, गडद लाल असते. ही हलकी बिअर आहे. घरी करणारे नेमकं हे विसरतात आणि तिच्यात चॉकलेट घाल, कॉफी घाल, व्हॅनिला घाल, लॅक्टोज घाल असं करत जातात. करू देत. पण मग ती ड्राय स्टाउट राहत नाही. हिची सगळी मजा कोरडेपणात आहे. घोट गेल्यावर जिभेवर गोड काही राहता कामा नये, भाजल्याचा कडवटपणा राहावा, आणि दुसरा घोट घ्यावासा वाटावा.

धान्य तीनच प्रकारचं. तीन किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकी बार्ली), ९०० ग्रॅम फ्लेक्ड बार्ली, ४५० ग्रॅम भाजलेली बार्ली. फ्लेक्ड बार्ली म्हणजे सातूचे जाड पोहेच. वाफवून रोलरखाली चेपलेले, त्यामुळे स्टार्च आधीच मोकळा झालेला. फेस टिकतो आणि तोंडात भरीवपणा येतो तो यांच्यामुळे. पण हे पोहे चिकट होतात. नुसत्या गाळणीच्या तळाच्या भांड्यात घेतले तर पाणी खाली उतरायचं नाव घेत नाही. म्हणून मी सगळं धान्य मलमलीच्या मोठ्या पिशवीत घालून भिजवते. पिशवी उचलली, पिळली, काम झालं. पिळल्याने बिअर तुरट होते असं जुने लोक म्हणतात. मला तरी तसं काही जाणवलेलं नाही.

भाजलेली बार्ली हा खरा विषय. हे माल्ट नव्हे. कच्ची, मोड न आणलेली बार्ली, कॉफीच्या बियांसारखी ड्रममध्ये दोनशे अंशांच्या वर भाजलेली. अठराव्या शतकातली पोर्टर, म्हणजे स्टाउटची पूर्वज असलेली गडद बिअर, तपकिरी माल्टपासून व्हायची. पुढे द्रवाच्या घनतेवरून साखर मोजणारा हायड्रोमीटर आला आणि ब्रूअर लोकांना दिसलं की तपकिरी माल्टमधून साखर कमी निघते, फिकं माल्ट वापरणं पैशाच्या हिशेबात बरं. पण मग रंग कुठून आणायचा? जळकी साखर वगैरे घालून रंगवायला ब्रिटिश सरकारने १८१६ मध्ये बंदी केली. दुसऱ्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर नावाच्या माणसाने माल्ट काळंकुट्ट भाजायच्या ड्रमचं पेटंट घेतलं. माल्ट काळं असलं तरी माल्टच, त्यामुळे कायद्यात बसलं. गिनेस, आणि इथल्या कॉर्कच्या मर्फीज नि बीमिश, या सगळ्यांच्या आजच्या रंगामागे ते पेटंट आहे. माल्ट न केलेलं धान्य तेव्हा वापरताच येत नसे, कारण कर माल्टवर होता आणि सरकारला आपला कर बुडू द्यायचा नव्हता. तो कर १८८० मध्ये गेला. गिनेसमध्ये भाजलेली कच्ची बार्ली आली ती त्यानंतरही बऱ्याच उशिरा, विसाव्या शतकात. म्हणजे ज्या चवीला आपण 'पारंपरिक' म्हणतो तिच्यात अबकारी खात्याचा वाटा मोठा.

सकाळी चहाच्या मोठ्या बॉयलरमध्ये १९ लिटर पाणी ७१ अंशांपर्यंत तापवते. धान्य पडलं की ते ६६ वर येतं आणि तिथेच तासभर राहायला हवं. मी बॉयलरला जुनी रजई गुंडाळते. ६६ च्या वर, ६९-७० वर गेलं की न आंबणारी साखर जास्त राहते आणि बिअर गोडसर होते. ड्राय स्टाउटला ते नको. ६५ चाललं तरी मी तक्रार करत नाही.

याच तासात पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) बघायचा. भाजलेलं धान्य आम्लधर्मी असतं. पाणी मृदू असेल तर मॅशचा, म्हणजे या भिजलेल्या धान्याचा, पीएच ५.२ च्याही खाली घसरतो आणि मग चव भाजल्याची न राहता जळक्या राखेची होते. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर ते हे आम्ल झेलतं. जिथे पाणी जड तिथे काळ्या बिअर चांगल्या झाल्या, असं जे सांगतात त्यात एवढं तथ्य आहे. पण डब्लिनचं पाणी जड म्हणून गिनेस काळी, ही गोष्ट जशी ऐकू येते तितकी सरळ नाही. गिनेसचं ब्रूइंगचं पाणी डब्लिनजवळच्या विकलोच्या डोंगरांतून येतं, आणि ते चांगलं मृदू आहे. मला ५.४ च्या आसपास हवा असतो. कमी भरला तर खायचा सोडा, चिमटी चिमटीने, ढवळून, परत मोजून. पीएच मीटर माझं स्वतःचं आहे आणि ते दर वेळी ४ आणि ७ च्या बफरने कॅलिब्रेट करते. नवरा म्हणतो, सुट्टीच्या दिवशीही तू ऑफिसातच असतेस. असेन.

तासाभराने पिशवी वर टांगायची, सातआठ लिटर गरम पाण्याने धुवायची, पिळायची. खाली जमतो तो गोड काळा द्रव म्हणजे वर्ट. तो साठ मिनिटं खळखळून उकळायचा. उकळी फुटली की ६० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वाळकी फुलं, अल्फा आम्ल (कडूपणाचा घटक) पाच टक्क्यांच्या आसपासचे. सगळे सुरुवातीलाच. शेवटी वासासाठी हॉप्स घालायचे नाहीत, या बिअरला तो वास शोभत नाही. कडूपणा मात्र भरपूर हवा, कारण एवढ्या कमी साखरेत तोच कणा असतो. मग तांब्याच्या नळीतून थंड पाणी फिरवून वर्ट १९ अंशांवर आणायचा. हायड्रोमीटर घनता १.०४२ दाखवतो. २० लिटर हातात.

यीस्ट आयरिश एल जातीचं (एल म्हणजे फार थंड न करता आंबवलेली बिअर, स्टाउट त्यातलीच). वायीस्ट कंपनीचं १०८४ मिळालं तर तेच, नाहीतर कोरडं एस-०४ सुद्धा प्रामाणिक आहे. फेब्रुवारीत आमच्या जिन्याखालच्या कपाटात १७-१८ अंश असतात. एलला याहून चांगलं हवामान शोधून सापडणार नाही. यीस्ट आंबवताना स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे आत अंश-दोन अंश जास्त धरायचे. हीच बादली एप्रिलमध्ये सोलापूरला ठेवली तर फ्रीज लागेल. गरम आंबलेल्या बिअरला थिनरचा वास येतो आणि डोकं दुसऱ्या दिवशीपर्यंत धरतं.

स्वच्छतेबद्दल लिहायला बसले तर थांबणार नाही, म्हणून एवढंच: उकळून गार झालेल्या वर्टला जे जे शिवतं ते आधी घासून धुवायचं, मग फॉस्फोरिक आम्लाच्या सॅनिटायझरमधून काढायचं. घासणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मळक्या नळीवर सॅनिटायझर ओतून काही होत नाही. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही, नोकरीने शिकवलं.

नोकरीवरून आठवलं. लॅबमध्ये आम्ही जवळजवळ रोज स्टुडंट्स टी-टेस्ट लावतो. दोन बॅचमधला फरक खरा आहे की योगायोगाचा, हे पाहायला. बीएस्सीला मला वाटायचं की विद्यार्थ्यांसाठीची सोपी टेस्ट म्हणून 'स्टुडंट'. हा 'स्टुडंट' म्हणजे विल्यम सीली गॉसेट. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकून १८९९ मध्ये डब्लिनला गिनेसमध्ये नोकरीला लागला. त्याच्यासमोरचा प्रश्न आपल्यासारखाच साधा होता. बार्लीचे, हॉप्सचे, माल्टचे नमुने तपासायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून हातात नमुने चार किंवा पाच. तेव्हाचं संख्याशास्त्र मोठ्या आकड्यांवर चालायचं. चार नमुन्यांच्या सरासरीवर किती विश्वास ठेवायचा, हे कोणी नीट सांगत नव्हतं. तो लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनकडे जाऊन राहिला, शिकला आणि १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या संशोधन-नियतकालिकात निबंध छापला. कंपनी आपल्या लोकांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून टोपणनाव 'स्टुडंट'. पुढे तो आयुष्यभर गिनेसमध्येच राहिला.

मला हा माणूस फार आवडतो. एका ब्रूअरीला बार्लीचा कुठला वाण घ्यायचा हे ठरवायचं होतं आणि त्यातून आज रिंगास्किडीत गोळ्यांची बॅच पास होते. घरी बिअर करणाऱ्यांनी तर त्याचा फोटो लावावा. "या वेळी यीस्ट बदललं आणि चव सुधारली" असं एका बॅचवरून छातीठोक सांगणारे मी खूप पाहिलेत. त्यांना विचारावं, बाबा, नमुने किती?

दहा-बारा दिवसांनी हायड्रोमीटर १.०१० वर येतो आणि दोन-तीन दिवस तिथेच थांबतो. थांबलाय याची खात्री झाल्याशिवाय बाटलीत भरायचं नाही, कारण बाटलीत आंबत राहिलेली बिअर बाटली फोडते. हिशेबाने ४.२ टक्के अल्कोहोल. भरताना २० लिटरला ८० ते ८५ ग्रॅम साधी साखर, पाण्यात उकळून. ही नेहमीच्या एलपेक्षा बरीच कमी आहे, मुद्दाम. स्टाउट सोड्यासारखी नाकात जाता कामा नये.

इथे लोक विचारतात, नायट्रोजनचं काय? तो मलईसारखा फेस कसा येणार? खरं उत्तर: बाटलीत येत नाही. पबमध्ये सत्तर-पंचाहत्तर टक्के नायट्रोजन आणि बाकी कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण दाबाखाली वापरतात आणि नळाच्या आत बारीक भोकांची एक चकती असते. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडे बारीक होतात आणि फेस लवकर बसत नाही. घरी हे करायचं तर केग (दाबाखाली बिअर ठेवायचं धातूचं पिंप), वेगळा सिलिंडर, वेगळा नळ. परवडतं, पण माझ्या जिन्याखाली जागा नाही आणि मला त्याची खंतही नाही. हा नायट्रोजन काही ब्रिजिडच्या काळचा नाही. मायकेल ॲश नावाच्या गणितज्ञाने गिनेसमध्ये तो बसवला, १९५९ मध्ये, म्हणजे कंपनीच्या दोनशेव्या वर्षी. (पुन्हा गणितवालाच.) त्याआधी पबमध्ये एक ताजं, फेसाळ पिंप आणि एक जुनं, शांत पिंप असायचं, दोन्हींतून मिळून ग्लास भरायचा. आज दोन टप्प्यांत ओततात आणि मध्ये थांबतात, ती त्या पद्धतीची सावली आहे. शिवाय बाटलीतली स्टाउट हा इथला जुना प्रकार आहे. पबवाले पिंपं आणून स्वतः बाटल्या भरत, वर स्वतःच्या नावाचं लेबल लावत. फ्रीजमधली नव्हे, फळीवरची, खोलीच्या तापमानाची बाटली मागणारे म्हातारे अजून दिसतात.

तरी कोणाला फेस हवाच असेल तर एक युक्ती आहे. ग्लास ओता, दहा मिलीची स्वच्छ सिरिंज, अर्थात सुईशिवाय, घ्या, त्याच ग्लासातली बिअर ओढा आणि जोराने परत ग्लासात सोडा. विरघळलेला वायू बारीक बुडबुड्यांत बाहेर पडतो आणि घट्ट फेस वर येतो. पाहुण्यांसमोर केलं तर फार भाव मिळतो. बुडबुडे खाली जाताना दिसतात तो डोळ्यांचा भ्रम नाही, हेही त्यांना सांगता येतं. लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये त्याचं कारण ग्लासच्या आकारात दाखवलं. वर रुंद होत जाणाऱ्या ग्लासात बुडबुडे मधून वर चढतात, तिथे बिअर वर ओढली जाते आणि कडेने खाली उतरते, आणि कडेचे छोटे बुडबुडे तिच्याबरोबर खाली वाहत जातात. आपल्याला दिसते ती फक्त कड.

नवऱ्याला या सगळ्यात एकाच गोष्टीत रस होता: यात मांसाहारी काही आहे का? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. बिअर नितळ करायला आयझिंग्लास वापरायची पद्धत होती, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून केलेला पदार्थ. गिनेसनेही तो वर्षानुवर्षं वापरला आणि सोडणार असल्याचं २०१५ मध्ये जाहीर केलं. माझ्या बादलीत असलं काही जात नाही. काळ्या बिअरला नितळ करून दाखवायचं कोणाला? तीन आठवडे बाटली उभी राहिली की यीस्ट आपलं आपण तळाशी बसतं. त्यामुळे आमच्या घरची स्टाउट शुद्ध शाकाहारी आहे, एवढं प्रमाणपत्र माळकरी माणसाकडून मिळालंय.

चव बघायचा मान शेजारच्या आजोबांचा. ते कॉर्क शहरातल्या साउथ मेन स्ट्रीटच्या बाजूला वाढले, जिथे १७९२ पासून बीमिश अँड क्रॉफर्डची ब्रूअरी होती. ती २००९ मध्ये बंद झाली आणि बीमिश आता मर्फीजच्या जुन्या जागेत, लेडीज वेलला होते. दोन्ही एकाच मालकाकडे, हायनेकेनकडे. आजोबांच्या लेखी हे अजून ताजं दुःख आहे. बीमिश जास्त जळकी, कडू. मर्फीज मवाळ, थोडी टॉफीकडे झुकणारी. आणि गिनेस म्हणजे डब्लिनवाल्यांची, तिच्याबद्दल बोलायचं नाही. माझी बाटली ते सावकाश ओततात, तळाचं यीस्ट बाटलीतच ठेवतात, अर्धा ग्लास गप्प पितात. मागच्या मार्चमध्ये म्हणाले, "ठीक आहे, बॉय." मी बाईमाणूस आहे याने फरक पडत नाही, कॉर्कमध्ये सगळेच 'बॉय'. मग म्हणाले, "भाजकी बार्ली मूठभर वाढव." म्हणजे त्यांना बीमिश हवी आहे. या वर्षी मी ५०० ग्रॅम घातली. पन्नासच ग्रॅम वाढवले, त्यांना सांगितलेलं नाही. बघू ओळखतात का. नमुना एकच आहे, हे मान्य.

राहिला चोथा. पिशवीतून सहासात किलो ओलं धान्य निघतं. बहुतेक जण कंपोस्टला टाकतात किंवा कोंबड्या पाळणाऱ्याला देतात. मी त्यातला किलोभर ओव्हनमध्ये कमी आचेवर चांगला कोरडा करते, मिक्सरला दळते आणि चाळते. टरफलं बरीच निघतात, ती चाळलीच पाहिजेत, नाहीतर घशात टोचतात. साखर सगळी बिअरमध्ये गेलेली असल्याने पिठाला गोडी नसते, पण भाजका खमंगपणा पुरेपूर असतो. एक वाटी हे पीठ, तीन वाट्या थालीपिठाची भाजणी, कांदा, कोथिंबीर, तिखट, ओवा. याहून जास्त घातलं तर थापताना भेगा पडतात. रंग जरा भयंकर येतो. वर लोणी. हे मात्र नवराही खातो.

आता बाटल्यांचं. मला तपकिरी, जाड काचेच्या, अर्ध्या लिटरच्या आणि साध्या बुचाच्या बाटल्या लागतात. हिरव्या किंवा पांढऱ्या नकोत, उजेडाने हॉप्सचा वास बिघडतो. मळसूत्री झाकणाच्या तर मुळीच नकोत, त्यांच्यावर आमचं बूच बसत नाही. १ फेब्रुवारी २०२४ पासून आयर्लंडमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन परत केले की पैसे मिळतात, पण काच त्या योजनेत नाही. तेव्हा कॅरिगलाइन, डग्लस, बॅलिनकॉलिगकडच्या मराठी मंडळींनी काचेच्या बाटल्या बॉटल बँकेत (काच टाकायच्या सार्वजनिक पेटीत) फोडण्याआधी मला कळवावं. मी येऊन घेऊन जाईन. चार रिकाम्यांना एक भरलेली, आणि ती रिकामी झाली की धुऊन परत करायची.